सुया जमा करण्याचा पांढरा डबा : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सासूबाईंना मधुमेह होऊन 22 वर्षे झाली आणि गेली सहा वर्षे त्या इन्सुलिनवर आहेत. सकाळी उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी बोट टोचून साखर पाहायची आणि दोन्ही वेळा इन्सुलिन पेनने इन्सुलिन घ्यायचे, असा त्यांचा क्रम आहे. म्हणजे दिवसाला दोन लॅन्सेट (बोट टोचायच्या छोट्या सुया) आणि पेनच्या दोन सुया, आठवड्याला 28 आणि वर्षाला 1,460 अणकुचीदार वस्तू आमच्या इंदूरमधल्या सुदामानगरच्या एका घरातून बाहेर पडतात. हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. आम्ही लॅन्सेट कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकत होतो आणि कागदात गुंडाळले म्हणजे काळजी घेतली, अशी आमची समजूत होती. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या ताई कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारत असताना तो कागद भिजून सुटलेला होता आणि त्यातले एक लॅन्सेट त्यांच्या तळहातात घुसले.

ताईंनी हात झटकला आणि काही नाही म्हणून पुढचे काम सुरू केले. मीच त्यांना थांबवले, नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुवायला लावला आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेले. जखम दाबून रक्त पिळून काढायचे नसते, हे मला तिथे कळले. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि एचआयव्हीचा संशय असेल तर प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, हेही डॉक्टरांनी समजावून सांगितले. सुदैवाने ते लॅन्सेट कोणाचे हे आम्हाला नक्की ठाऊक होते, त्यामुळे सासूबाईंचे रक्त तपासता आले आणि त्यात काही निघाले नाही. तरीही ताईंना हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस, म्हणजे पहिला, एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, आम्ही पूर्ण करवून घेतले. तपासणीचा निकाल हाती येईपर्यंतचे दोन दिवस मी विसरू शकत नाही. चूक सर्वस्वी आमची होती आणि तिची भीती मात्र ताईंच्या वाट्याला आली होती. हीच पिशवी तशीच गाठ मारून पुढे गेली असती तर सुई कचरा गोळा करणाऱ्या एखाद्या सफाई मित्राला लागली असती, आणि ती कोणाच्या रक्ताची हे त्याला कधीच कळले नसते.

त्याच आठवड्यात मी दवा बाजारातून सुया जमा करण्याचा डबा आणला. रुग्णालयात परिचारिकेच्या ट्रॉलीवर असतो तसाच, पण आकाराने लहान. दीड लिटरचा, जाड पांढऱ्या प्लॅस्टिकचा, आतला भराव बाहेरून अंधुक दिसेल असा अर्धपारदर्शक, आणि 170 रुपयांना एक. आतापर्यंत असे चार डबे भरून गेले आणि पाचवा भरत आला आहे, तेव्हा त्याच्याविषयी लिहिण्याइतका वापर झाला आहे असे मला वाटते.

या डब्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचे झाकण. ते एकदा खटकन बसले की निघत नाही. त्याच्या मधोमध एक फट आहे आणि फटीवर सरकणारे छोटे पाते आहे. पाते अर्धे सरकवले की फट तात्पुरती बंद होते, आणि डबा भरल्यावर शेवटपर्यंत दाबून सरकवले की ती कायमची बंद होते आणि मग चाकूने उचकटूनही उघडत नाही. मी पहिला भरलेला डबा मुद्दाम ओट्याच्या उंचीवरून फरशीवर तीन वेळा पाडून पाहिला. झाकण हलले नाही आणि भिंतीतून एकही टोक बाहेर आले नाही. अर्धपारदर्शक रंगाचाही उपयोग आहे, कारण आत काय आणि किती आहे हे डोळ्यांना दिसत असल्याने कोणी फटीत बोट घालून चाचपत नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा, असा नियम आहे आणि तो पाळायलाच हवा. गच्च भरलेल्या डब्यात आणखी एक सुई कोंबण्याच्या नादात सुया टोचू शकतात. आमच्या वापराने डबा त्या रेषेपर्यंत यायला साधारण दहा आठवडे लागतात.

आता उणिवा. पाते सरकवायला अंगठ्याचा बराच जोर लागतो. सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे, त्यांना ते जमत नाही. त्या पाते उघडेच ठेवत आणि मी मागाहून बंद करत असे. सुट्टीत तीन वर्षांचा नातू घरी आला तेव्हा ही गोष्ट फार जाणवली, आणि तेव्हापासून डबा न्हाणीघरातल्या उंच फळीवर गेला. दुसरी उणीव म्हणजे तीन चतुर्थांशाची रेषा डब्यावर कोरलेली नसून तिची चिकटपट्टी लावलेली आहे. ओल्या हाताने दोन महिने हाताळल्यावर पहिल्या डब्याची पट्टी निघून आली. आता मी नवीन डबा आणला की आधी काळ्या मार्करने रेष ओढते. तिसरी गोष्ट अशी की झाकणाच्या कडेला सुई फिरवून काढण्यासाठी जी खाच दिली आहे ती सिरिंजच्या सुईच्या मापाची आहे आणि पेनची सुई तिच्यात धरली जात नाही. घरी इन्सुलिन घेणाऱ्या अनेकांच्या हातात आज पेन आहे, त्यामुळे घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्याला ही खाच निरुपयोगी ठरते.

पेनच्या सुईविषयी थोडे थांबून सांगणे भाग आहे, कारण तिच्यात फसगत होते. तिला टोके दोन असतात. एक आपल्या त्वचेत जाते ते, आणि दुसरे मागच्या बाजूला, इन्सुलिनच्या कार्ट्रिजचे रबर भेदणारे. पुढच्या टोकावर टोपण बसवले की सुई सुरक्षित झाली असे आपण धरून चालतो, पण पेनपासून ती सोडवली की मागचे टोक वाटीसारख्या भागात उघडेच राहते आणि लहान मुलाचे बोट तिथे सहज पोहोचते. म्हणून बाहेरचे मोठे टोपण टेबलावर ठेवून, ते हातात न धरता, पेन वरून खाली आणून सुई त्यात बसवायची, मग पिळून काढायची आणि टोपणासकट थेट फटीतून आत सोडायची. टोपणासकट सुई या फटीतून जेमतेम जाते, जरा तिरकी धरावी लागते. लॅन्सेटच्या बाबतीत काम सोपे आहे. सुरुवातीला पिळून तोडलेली गोल चकती टाकून न देता टेबलावर आडवी ठेवायची आणि तपासणी झाल्यावर लॅन्सेटचे टोक तिच्यात वरून दाबून रोवायचे. दोन्ही हातांच्या बोटांत धरून टोपण परत लावण्याचा प्रयत्न करू नये, कारण टोचते ते नेमके तेव्हाच.

डब्याबरोबर दुकानदाराने सुई कापण्याचे एक छोटे हातयंत्रही आग्रहाने दिले होते. सुई भोकात घालून दाबली की ती मुळाशी तुटते आणि तुकडा यंत्राच्या पोटात राहतो. सिरिंज वापरणाऱ्या घरात ते कामाचे आहे, कारण सुई गेल्यावर ती सिरिंज कोणी पुन्हा वापरू शकत नाही. आमच्या उपयोगाचे मात्र ते ठरले नाही. लॅन्सेटचे टोक इतके आखूड असते की ते पात्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि पेनच्या सुईचे एक टोक कापले तरी दुसरे उरतेच. शिवाय पोटातले तुकडे शेवटी कुठेतरी रिकामे करावे लागणार आणि ते काम सुईपेक्षाही धोक्याचे. ज्यांच्याकडे केवळ ग्लुकोमीटर आहे त्यांनी यावर पैसे घालू नयेत.

खरी तुलना करायला हवी ती कपडे धुण्याच्या द्रव साबणाच्या रिकाम्या बाटलीशी. आमच्या नणंदबाई वडोदऱ्याला असतात आणि त्यांना स्वतःलाच मधुमेह आहे. त्या गेली दोन वर्षे अशीच जाड, अपारदर्शक, फिरकीच्या झाकणाची बाटली वापरत आहेत आणि तिच्यात काही कमी आहे असे मला दिसले नाही. भिंत जाड आहे, सुई आरपार जात नाही, झाकण घट्ट बसते आणि खर्च शून्य. भरल्यावर झाकणावरून रुंद चिकटपट्टीचे चार वेढे दिले की तीही सहजी उघडत नाही. माझ्या डब्यांचा खर्च वर्षाला साडेआठशे रुपयांच्या घरात जातो. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या पातळ बाटलीत मात्र सुया कधीही भरू नयेत. एक तर ती दाबली की चेपते आणि सुई बाहेर येते. दुसरे असे की तिला भंगारात किंमत आहे, त्यामुळे पुढे कोणीतरी ती उचलून, उघडून, रिकामी करून विकणार हे जवळजवळ ठरलेले असते. काचेची बरणीही नको, ती फुटली तर सुया आणि काचा एकत्र होतात. गोळ्यांची जुनी पाकिटे आणि बिस्किटाचे पत्र्याचे डबे, ज्यांची झाकणे बोटाने उचलली जातात, तेही बाद.

प्रवासात दीड लिटरचा डबा नेता येत नाही. त्यासाठी साखर तपासण्याच्या टेस्ट स्ट्रिपची रिकामी डबी आम्हाला अतिशय सोयीची वाटली. तिची भिंत टणक असते, झाकण घट्ट बसते आणि ती पर्सच्या कप्प्यात मावते. पुण्याला जाता-येता गाडीत वापरलेली लॅन्सेट तिच्यात ठेवायची आणि घरी आल्यावर ती डबीच अख्खी मोठ्या डब्यात टाकायची. फक्त तिच्यावरचे मूळ वेष्टन खरवडून काढावे आणि लाल कागद चिकटवावा, नाहीतर घाईत भरलेली आणि नवी डबी यांची अदलाबदल होते.

वापरलेल्या स्ट्रिपसाठी या डब्याची जागा खर्च करण्याची गरज नाही. स्ट्रिप प्लॅस्टिकची असते, टोचत नाही, आणि तिच्यात शोषले गेलेले रक्त थेंबभरही नसते. तरी ते रक्तच आहे, म्हणून स्ट्रिप आणि रक्त टिपलेला कापूस आम्ही कागदी पाकिटात बंद करून सॅनिटरी कचऱ्यात देतो. ग्लुकोमीटरमधली नाण्याएवढी बॅटरी संपली की तिच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यासाठी वेगळी ठेवायची. ही बॅटरी मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजू शकते, तेव्हा ती मेजावर क्षणभरही पडू देऊ नये.

डबा विकत आणणे सोपे आहे. भरलेल्या डब्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही दुकानदाराने मला समजावून सांगितला नाही. डब्यावर जैववैद्यकीय कचऱ्याचे चिन्ह छापलेले असल्यामुळे मी पहिला डबा घेऊन जवळच्या एका रुग्णालयात गेले. तिथल्या कर्मचाऱ्याने तो घेण्यास नकार दिला, आणि विचार केल्यावर मला त्याचे चुकले असे वाटले नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रुग्णालयाच्या प्रत्येक पिशवीवर आणि डब्यावर बारकोड असतो, वजनाची नोंद होते आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो; बाहेरून आलेला डबा त्यांनी कोणत्या खात्यात दाखवायचा? घरातल्या सुयांची सोय दुसऱ्या नियमांत आहे. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या सुया आणि सिरिंज यांना घातक घरगुती कचऱ्यात धरले होते, म्हणजे मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे, तुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर आणि ट्यूबलाइट यांच्या पंक्तीत, आणि तो कचरा स्वीकारण्याची व्यवस्था स्थानिक संस्थेने करावी, दर वीस चौरस किलोमीटरमागे एक केंद्र असावे, असे सांगितले होते; 2026 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

या बाबतीत इंदूरकर भाग्यवान आहेत. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग अनेक वर्षे पहिल्या आलेल्या आपल्या शहरात कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतला जातो. ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घातक घरगुती. दारात येणाऱ्या गाडीला या शेवटच्या प्रकारासाठी स्वतंत्र कप्पा असतो, आणि आमचे चारही डबे त्याच कप्प्यातून गेले. मी डबा कप्प्यात स्वतः टाकत नाही. गाडी थांबली की खाली उतरते, तो सफाई मित्राच्या हातात देते आणि आत सुया आहेत असे तोंडाने सांगते. डब्यावर मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलेले असते, ‘इस्तेमाल की हुई सुइयाँ, खोलें नहीं’. घरात आपण मराठी बोलत असलो तरी डबा ज्यांच्या हातांतून पुढे जायचा आहे त्यांना वाचता यावे, हे महत्त्वाचे. पहिल्या वेळी त्या दादांनी डबा हलवून पाहिला, झाकण ओढून पाहिले आणि मग मान डोलावली. त्यांनी तो इतक्या जपून ठेवला की आपण आजवर त्यांच्या हाती काय काय देत होतो, याची मला लाज वाटली.

सुई चुकीच्या कप्प्यात गेली तर काय होते, हेही पाहायला हवे. शहराचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात, म्हणजे कचऱ्यापासून इंधनवायू बनवण्याच्या कारखान्यात जातो. 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता सुरुवातीला दिवसाला 550 टनांची होती, आणि वायू काढून उरलेल्या भागाचे खत बनते. त्या खतात लॅन्सेट सापडावे असे कोणाला वाटेल? सुक्या कचऱ्यात यंत्रे कितीही आली तरी प्लॅस्टिक आणि कागद निवडताना कुठे ना कुठे माणसाचा हात लागतोच. याउलट सुया योग्य मार्गाने गेल्या तर त्यांच्यासाठी ठरलेली प्रक्रिया आहे. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, 121 अंश सेल्सियस तापमानाला, दर चौरस इंचाला 15 पौंड दाबाखाली तासभर निर्जंतुक करायचे, आणि मग तुकडे करायचे किंवा धातूच्या अथवा काँक्रीटच्या कोषात बंद करायचे. घरच्या गॅसवर सुया जाळणे किंवा कुकरमध्ये उकळणे हा त्याला पर्याय नाही. आमच्या ओळखीत दोन घरी असे करतात, त्यांना मी कळकळीने परावृत्त केले आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट, कारण ती आमच्याही घरी घडत असे. हळदीकुंकवाला किंवा गणपतीत पाहुणे आले आणि सासूबाई साखर तपासत असल्या की ‘माझीही बघ ना जरा’ अशी फर्माईश होते. लॅन्सेट नवे लावले तरी टोचण्याचे पेन तेच राहते आणि त्याच्या तोंडाला आधीच्या माणसाचे न दिसणारे रक्त असू शकते. एकच टोचण्याचे पेन अनेकांना वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीचे संसर्ग झालेले आहेत. आम्ही आता पाहुण्यांसाठी एकदाच वापरता येणारी, टोचल्यावर सुई आपोआप आत जाणारी लॅन्सेट ठेवली आहेत. ती महाग आहेत आणि डब्यात जागाही जास्त खातात, पण कोणाला नाही म्हणावे लागत नाही.

तर डबा घ्यावा की नाही? घरात इन्सुलिन असेल, लहान मूल असेल किंवा कचरा हाताळायला बाहेरची व्यक्ती येत असेल, तर घ्यावा. कायमचे बंद होणारे झाकण साबणाच्या बाटलीला नाही आणि त्या झाकणासाठी 170 रुपये मला योग्य वाटतात. आठवड्यातून दोन-तीनदाच बोट टोचणाऱ्यांना मात्र साबणाची जाड बाटली पुरेशी आहे, तिचेही एक वर्ष आरामात निघेल. संधिवात असलेल्यांनी दुकानातच पाते दोन वेळा सरकवून पाहावे. मी पाचपैकी साडेतीन गुण देते; एक गुण पेनच्या सुईला न चालणाऱ्या खाचेसाठी कापला आणि अर्धा त्या निघून येणाऱ्या पट्टीसाठी. ताईंनी पाचव्या डब्यावरची रेष स्वतः ओढली आहे आणि भराव तिच्यापर्यंत आला की त्याच मला आठवण करतात.